पोरानं पेस्ट खाल्ली? आधी विचारा, 'किती?'



मध्यंतरी एका रात्री साडेनऊच्या सुमारास फोन वाजला. राजारामपुरीतच राहणारी, जुनी ओळखीची पेशंट. आवाज रडवेला.

"डॉक्टर, पोरगं पेस्ट खाल्लंय! अर्धी ट्यूब संपवली बघा. सासूबाई म्हणतायत मिठाचं पाणी पाजून उलटी काढा. काढू का?"

"ताई, उलटी काढू नका. आधी सांगा, मुलगा शुद्धीवर आहे का? श्वास नीट चाललाय का?"

"हसतोय की तो. तोंडाला सगळा फेस."

"मग ट्यूब हातात घ्या आणि मागे बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचा. पीपीएम नावाचा आकडा शोधा."

आकडा सापडायला त्यांना पाच मिनिटं लागली. चष्मा लागला, मोबाईलची बॅटरी लागली. तेवढ्या वेळात दुसरं चित्रही स्पष्ट झालं. ट्यूब आधीच वापरातली होती. 'संपलेल्या' पेस्टपैकी बरीचशी बाथरूमच्या फरशीवर, बादलीवर आणि पोराच्या पोटावर चोपडलेली होती. पोटात गेली असेल ती जास्तीत जास्त पंधरा ग्रॅम. मुलाचं वजन बारा किलो. मी कपभर दूध पाजायला सांगितलं, कशावर लक्ष ठेवायचं ते सांगितलं आणि फोन चालू ठेवला. मुलाला एक उलटी झाली, थोडा वेळ पोट दुखलं आणि मग तो गाढ झोपला.

त्या माउलीची काही चूक नव्हती. तिला एकच प्रश्न पडला होता: 'पेस्ट विषारी असते का?' या प्रश्नाचं उत्तर 'हो' दिलं तरी फसवं आणि 'नाही' दिलं तरी फसवं. खरा प्रश्न 'किती?' हा आहे. हा प्रश्न विचारायला आपल्याला कुणी शिकवत नाही आणि त्याचं उत्तर देणारा आकडा सहज वाचता येईल असा कुणी छापत नाही, ही माझी तक्रार आहे. आजचा लेख त्याबद्दल आहे.

फ्लोराइड पोटात गेल्यावर काय होतं?

दात किडू नयेत म्हणून पेस्टमध्ये फ्लोराइड घालतात. दाताच्या वरच्या कवचातून, म्हणजे इनॅमलमधून, निसटणारे क्षार परत बसवायला ते मदत करतं. हे काम दाताच्या पृष्ठभागावर होतं. त्यासाठी पेस्ट गिळण्याची काही गरज नसते.

तेच फ्लोराइड एकदम जास्त प्रमाणात पोटात गेलं, तर जठरातल्या आम्लाशी मिळून हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं. त्याने जठराचं अस्तर जळजळतं. मळमळ, उलटी, पोटदुखी, लाळ गळणं ही लक्षणं बहुधा पहिल्या तासाभरात दिसतात. मात्रा फारच मोठी असेल तर फ्लोराइड रक्तात जाऊन तिथल्या कॅल्शियमला पकडून ठेवतं. स्नायूंना आणि हृदयाला काम करायला कॅल्शियम लागतं. ते कमी पडलं की हातापायांना मुंग्या, पेटके, झटके येतात आणि हृदयाचे ठोके बिघडतात. जीव जातो तो या कारणाने.

दूध का पाजायचं, हे यावरून लक्षात येईल. दुधातलं कॅल्शियम पोटातच फ्लोराइडला बांधून ठेवतं, म्हणजे रक्तात कमी जातं. दूध हा काही जादूचा उतारा नाही, पण घरात हाताशी असलेली पहिली मदत नक्की आहे.

हिशोब पाचवीच्या पोरालाही जमेल असा

वैद्यकशास्त्रात एक आकडा वापरतात: शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे ५ मिलिग्रॅम फ्लोराइड. एवढं किंवा याहून जास्त पोटात गेल्याची शंका असेल, तर मूल कितीही हसत-खेळत असलं तरी थेट हॉस्पिटल गाठायचं.

आता ट्यूबकडे वळू. '१००० पीपीएम' याचा अर्थ एक ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम फ्लोराइड. आपल्या देशाच्या नियमानुसार टूथपेस्टमध्ये १००० पीपीएमपेक्षा जास्त फ्लोराइड असता कामा नये आणि तो आकडा ट्यूबवर व खोक्यावर छापलेला असला पाहिजे. म्हणजे १०० ग्रॅमच्या भरलेल्या ट्यूबमध्ये जास्तीत जास्त १०० मिलिग्रॅम फ्लोराइड.

मूल १० किलोचं असेल तर धोक्याची रेषा ५० मिलिग्रॅमवर, म्हणजे ५० ग्रॅम पेस्टवर. मूल १२ किलोचं असेल तर ६० ग्रॅमवर. त्या रात्रीच्या मुलाच्या पोटात १५ मिलिग्रॅमच्या आसपास गेलं होतं, म्हणजे किलोमागे सव्वा मिलिग्रॅम. पोट बिघडायला एवढं पुरतं. जिवावर बेतायला पुरत नाही.

यातून दोन गोष्टी कळतात. ब्रशवरची पेस्ट गिळली म्हणून कुणाला विषबाधा होत नाही. पण दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या हाती १५० किंवा २०० ग्रॅमची भरलेली 'फॅमिली पॅक' ट्यूब आणि अर्धा तास एकांत मिळाला, तर तो खेळ राहत नाही. स्ट्रॉबेरीच्या चवीची पेस्ट मुलं चॉकलेटसारखी चाटतात, हे तुम्हीही पाहिलं असेल.

माउथवॉशचंही तेच. रोज वापरायच्या फ्लोराइड माउथवॉशमध्ये साधारण २२५ पीपीएम फ्लोराइड असतं. १०० मिली प्यायलं तर २२ मिलिग्रॅमच्या पुढे. सहा वर्षांखालच्या मुलाला चूळ भरून नीट थुंकता येत नाही, म्हणून त्याला माउथवॉश देऊच नये.

जीव गेले ते कुठे?

फ्लोराइडने माणसं दगावल्याच्या ज्या घटना वैद्यकीय पुस्तकांत वाचायला मिळतात, त्यांतल्या दोन इथे सांगतो.

१९४२ साली अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या सेलम इथल्या सरकारी मनोरुग्णालयात झुरळं मारायची पावडर दुधाची पावडर समजून अंड्यांच्या पदार्थात पडली. ती पावडर होती सोडियम फ्लोराइड. ४७ रुग्ण मेले. दोन्ही पावडरी पांढऱ्या, एवढीच चूक.

१९७४ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात तीन वर्षांच्या एका मुलाला दात दाखवायला नेलं होतं. दातांना लावायचं तीव्र फ्लोराइडचं द्रावण त्याने थुंकण्याऐवजी गिळलं. काही तासांत तो गेला.

दोन्हींत घरातली पेस्ट कुठेच नाही. आहे ते तीव्र रसायन, आणि ते ओळखण्यात किंवा समजावून सांगण्यात झालेली चूक. या दोन्ही चुका आपल्याकडेही होऊ शकतात.

पहिली घरात. आपलं कोल्हापूर उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावचं. कारखान्यात काम करणारा माणूस गंज काढायचं, धातू किंवा काच चकचकीत करायचं रसायन कधीतरी कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून घरी आणतो. अशा काही रसायनांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. इथे वरचा ग्रॅम-मिलिग्रॅमचा हिशोब करत बसायचं नाही. एक घोटसुद्धा जीव घेऊ शकतो, आणि कातडीवर सांडलं तरी ते आत शिरतं. असं रसायन घरी आणूच नका. आणलंच असेल तर मूळ डब्यातच आणि कुलपात ठेवा. झुरळं-उंदरांच्या औषधांनाही हाच नियम. स्वयंपाकघरातल्या फळीवर ती ठेवू नका.

दुसरी दातांच्या दवाखान्यात. तिथे लावायच्या फ्लोराइड जेलमध्ये १२,३०० पीपीएमपर्यंत फ्लोराइड असतं. एका चमच्यात, म्हणजे ५ मिलीमध्ये, ६० मिलिग्रॅमच्या वर. १० किलोच्या मुलाची धोक्याची रेषा तिथेच ओलांडली जाते. म्हणून तर दंतवैद्य मुलाला ताठ बसवतात, जेल मोजून घेतात, तोंडातली लाळ यंत्राने ओढून घेतात आणि नंतर थुंकायला लावतात. लहान मुलांसाठी आता बहुतेक ठिकाणी दाताला चिकटून बसणारं व्हार्निश वापरतात, तेही थेंबभर. घाबरून उपचार टाळू नका. पण तीन वर्षांच्या मुलाला 'हे गिळायचं नाही, थुंकायचं' असं तुमच्यासमोर त्याच्या भाषेत सांगितलं गेलं का, एवढं जरूर पाहा.

दोन टोकं, दोन्ही चुकीची

व्हॉट्सॲपवर अधूनमधून एक मेसेज फिरतो: फ्लोराइड हे विष आहे, पेस्ट फेकून द्या. तो वाचून काही आईवडील मुलांचं ब्रश करणंच सैल सोडतात आणि मग किडलेल्या दाढा घेऊन येतात. पाच वर्षांच्या मुलाची दाढेची कळ ज्याने रात्रभर पाहिली आहे, तो असला सल्ला देणार नाही.

दुसरं टोक जाहिरातींचं. ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पेस्टची झोकदार लाट. मोठ्यांनाही एवढी लागत नाही. मुलांसाठी माप असं: तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. वाटाण्याएवढी पेस्ट म्हणजे पाव ग्रॅम. सगळी गिळली तरी पाव मिलिग्रॅम फ्लोराइड. दोन वेळचं मिळून अर्धा.

म्हणून माझं मत असं: पेस्टला औषधाच्या बाटलीसारखं वागवा. औषध आपण फेकून देत नाही आणि पोराच्या हातातही देत नाही. मोठ्यांनी मोजून द्यायचं आणि वरच्या फळीवर ठेवायचं.

थेंबाथेंबाने चढणारी मात्रा

इथपर्यंत एका दमात पोटात गेलेल्या फ्लोराइडबद्दल बोललो. पण मात्रा चढण्याची दुसरीही वाट आहे, आणि महाराष्ट्रातल्या मुलांचं जास्त नुकसान तिने केलं आहे. ती वाट म्हणजे पाणी.

आपल्याकडे नळाच्या पाण्यात कुणी फ्लोराइड मिसळत नाही. ते जमिनीखालच्या खडकातून पाण्यात उतरतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या अनेक गावांत बोअरच्या आणि हातपंपाच्या पाण्यात ते प्रमाणाबाहेर आढळलं आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यायचं.

समजा एखाद्या गावाच्या पाण्यात लिटरमागे ३ मिलिग्रॅम आहे आणि शाळकरी मूल दिवसाला दीड लिटर पाणी पितं. म्हणजे रोज साडेचार मिलिग्रॅम. राजारामपुरीतल्या त्या पोराने एका रात्री खाल्लेल्या पेस्टमध्ये जेवढं फ्लोराइड होतं, तेवढं हे मूल तीन-चार दिवसांत पितं. मग पुन्हा तेवढंच. वर्षानुवर्षं. पण त्याच्यासाठी रात्री साडेनऊला कुणी फोन करत नाही, कारण त्याला उलटी होत नाही. मूल हसत-खेळत असतं.

परिणाम दिसतो तो पुढे. कायमचे दात हिरड्यांच्या आत साधारण आठव्या वर्षापर्यंत घडत असतात. त्या काळात जास्त फ्लोराइड गेलं की दात येतात ते पांढऱ्या खडूसारख्या किंवा तपकिरी पट्ट्यांचे. घासून ते डाग जात नाहीत. मुलं तोंडावर हात धरून हसायला शिकतात. प्रमाण आणखी जास्त असेल तर हाडांत फ्लोराइड साठतं, सांधे आखडतात, आणि आहारात कॅल्शियम कमी असलेल्या मुलांच्या पायांना बाक येतो. भारतात या आजाराचं वर्णन १९३७ सालीच तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागातून प्रसिद्ध झालं होतं. उपाय तर आपल्याच नागपुरात शोधला गेला. तिथल्या 'नीरी' या राष्ट्रीय संस्थेने तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड खाली बसवण्याची पद्धत काढली. नलगोंडा पद्धत म्हणून ती ओळखली जाते. आजार माहीत, उपाय माहीत. तरीही जिथे मुलांचे दात डागाळतात, तिथे पुन्हा तोच प्रश्न विचारायचा राहून गेलेला असतो: पाण्यात किती?

तुम्ही म्हणाल, आपल्याला काय त्याचं, आपण नदीचं आणि धरणाचं पाणी पितो. नळाच्या पाण्यापुरतं ते ठीक आहे. पण टंचाईत अपार्टमेंटच्या बोअरचं पाणी पिण्याच्या माठात जातं. तुमच्यापैकी काहींची मुलं-सुना नोकरीनिमित्त बाहेरच्या जिल्ह्यांत आहेत, काहींचं मूळ गाव तिकडचं आहे. बोअरचं पाणी पीत असाल तर एकदा प्रयोगशाळेतून तपासून घ्या आणि अहवालात फ्लोराइडचा आकडा मागा. गावात असाल तर ग्रामपंचायतीकडे विचारा. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या महिलांना पाणी तपासण्याचे संच आणि प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे.

एक गैरसमजही काढून टाका. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं आणि फ्लोराइड उरतं, म्हणजे उलट थोडं वाढतं. साध्या कँडलच्या किंवा यूव्ही फिल्टरनेही ते जात नाही. आरओने कमी होतं.

पेस्ट जास्त खाल्ली गेली तर

- घाबरू नका. मूल शुद्धीवर आहे का, श्वास नीट आहे का ते पाहा. तोंडातली पेस्ट पुसून काढा.
- उलटी काढायला बोट घालू नका, मिठाचं पाणी पाजू नका. श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, आणि मिठाचं पाणी लहान मुलाला स्वतःच घातक ठरू शकतं.
- मूल नीट गिळत असेल तर कपभर दूध द्या. दूध नसेल तर दही चालेल.
- ट्यूबवरचा पीपीएम, किती ग्रॅम गेली असेल त्याचा वरचा अंदाज आणि मुलाचं वजन, हे तीन आकडे घेऊन डॉक्टरांना फोन करा. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांकही आहे.
- किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आसपास किंवा जास्त गेल्याची शंका असेल, किंवा अंदाजच लागत नसेल, तर सीपीआर किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा. ट्यूब सोबत न्या.
- सारख्या उलट्या, गुंगी, हातापायांना पेटके, झटके, श्वासाला त्रास यातलं काहीही दिसलं तर हिशोब बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा.
- कारखान्यातलं रसायन किंवा झुरळं-उंदरांचं औषध गेलं असेल तर एक मिनिटही वाट पाहू नका.

हॉस्पिटलमध्ये ईसीजी काढतात, रक्तातलं कॅल्शियम पाहतात आणि गरज पडली तर शिरेतून कॅल्शियम देतात. वेळेत पोहोचलेल्या मुलासाठी करण्यासारखं बरंच असतं.

शेवटी एक मागणी

अमेरिकेत १९९७ पासून फ्लोराइड पेस्टच्या ट्यूबवर सूचना छापणं बंधनकारक आहे: मुलांपासून दूर ठेवा, आणि दात घासताना लागते त्याहून जास्त गिळली गेली तर लगेच वैद्यकीय मदत घ्या. आपल्या ट्यूबवर फळांची, कार्टूनची चित्रं ठळक असतात आणि पीपीएमचा आकडा भिंग लावून शोधावा लागतो. तो आकडा ठळक आणि मराठीत हवा. 'सहा वर्षांखालच्या मुलाला वाटाण्याएवढीच, मोठ्यांनी द्यावी' हे वाक्य समोरच्या बाजूला हवं. मुलांच्या पेस्टला मुलांना सहज उघडता येणार नाही असं झाकण हवं. आणि बोअरचं पाणी पिणाऱ्या प्रत्येक गावात, हातपंपाशेजारी, त्या पाण्यातल्या फ्लोराइडचा आकडा रंगवलेला हवा. यातलं काहीच फार खर्चाचं नाही.

ते होईल तेव्हा होईल. तोवर आज रात्री तुम्ही एवढं करा. बाथरूममधली ट्यूब हातात घ्या, आकडा शोधा. एका कागदावर तो आकडा आणि मुलाचं वजन लिहून आरशाला चिकटवा. आणि ट्यूब वरच्या फळीवर ठेवा.

काळजी घ्या.